अटल सेतू: दोन पावसाळ्यांनंतर एका उरणकराचा अनुभव

मी उरणमध्ये राहतो आणि नोकरीसाठी फोर्टला जातो. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यापासून मी त्याचा नियमित वापर करू लागलो. रोज मात्र नाही. काही दिवस मोटारीने, काही दिवस लोकलने आणि कधी मोरा बंदरातून लाँचने. त्यामुळे या चारही मार्गांची, म्हणजे सेतू, वाशी, रेल्वे आणि लाँच यांची तुलना स्वतःच्या अनुभवावरून करता येते. घर किंवा जागा घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम पुलाविषयी. मुंबईतील शिवडी ते उरणजवळील चिर्ले अशी एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातील सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आणि बाकीची जमिनीवर. सहा मार्गिका, मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा, चढ-उतारावर ४०. दुचाकी आणि रिक्षा यांना प्रवेश नाही. बांधणी उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शिवडीच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पट्ट्यात उंच आडोसे लावलेले आहेत; तो भाग ओलांडला की दोन्ही बाजूंना खाडी मोकळी होते. जुलै-ऑगस्टमध्ये आडवा वारा इतका असतो की लहान गाडीचे स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे लागते, आणि अशा दिवशी मी ताशी सत्तरच्या वर जात नाही.

चिर्ले ते शिवडी हे अंतर वीस-बावीस मिनिटांत पार पडते आणि ही वेळ जवळजवळ कधीच बदलत नाही. पूर्वी जासई, गव्हाण फाटा, पामबीच, वाशी, चेंबूर असा फेरा घालताना दोन तास सहज जात आणि वाशीच्या पुलावर काय वाढून ठेवले आहे हे घरातून निघताना सांगता येत नसे. आता घरापासून कार्यालयापर्यंत साधारण सव्वा तास लागतो. म्हणजे पुलावरच्या वीस मिनिटांखेरीज जवळपास तासभर वेळ पुलाच्या दोन तोंडांशी जातो. उरणच्या बाजूला जेएनपीए बंदराच्या कंटेनर ट्रेलरची रांग लागली की जासईपर्यंत पोहोचायलाच अर्धा तास मोडतो, आणि मुंबईच्या बाजूला पूर्व मुक्त मार्ग पी. डि'मेलो रस्त्यावर उतरतो तेथे सकाळी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. दादर-वरळीकडे जाणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे, कारण शिवडी-वरळी जोडरस्ता अद्याप पूर्ण झालेला नाही आणि त्याच्या कामासाठी एल्फिन्स्टनचा पूल पाडावा लागला आहे. सेतूबद्दल नेहमी ऐकू येणारे ‘वीस मिनिटांत मुंबई’ हे वाक्य म्हणूनच फक्त पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरे आहे.

टोलचा हिशोब मांडणे आवश्यक आहे, कारण त्याच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. मोटारीसाठी शिवडी ते चिर्ले एका वेळी २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५ रुपये आणि मासिक पास १२,५०० रुपये, हे दर सुरुवातीला ठरले आणि पुढे मुदतवाढ मिळून तेच राहिले. महिन्याला पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस परतीच्या सवलतीने ९,३७५ रुपये देतो. म्हणजे दिवसातून एकदाच ये-जा करणाऱ्याला मासिक पास घेणे तोट्याचे आहे, आणि ज्याच्यासाठी पास असायला हवा त्या नोकरदाराचा विचार हा दर ठरवताना झालेला दिसत नाही. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यामुळे जुना रस्ता फुकट आणि नवा महाग अशी स्थिती आली. पहिल्या वर्षी दिवसाला सरासरी बावीस-तेवीस हजार वाहने धावली. अंदाज सत्तर हजारांचा होता. ऑगस्ट २०२५ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारींना टोलमाफी मिळाली, तेव्हापासून आमच्या भागात त्या गाड्यांची चौकशी खूप वाढली आहे.

मोटार नसलेल्यांसाठी पुलाचा उपयोग अजून फार थोडा आहे. बेस्टची एस-१४५ बस बेलापूरच्या कोकण भवनापासून सेतूमार्गे दक्षिण मुंबईत जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि उरणकराला आधी तिच्या मार्गापर्यंत पोहोचावे लागते. आमच्या भागातील सामान्य माणसाचे जीवन खऱ्या अर्थाने बदलले ते सेतूच्या उद्घाटनाच्याच दिवशी सुरू झालेल्या खारकोपर-उरण लोकलमुळे, असे माझे ठाम मत आहे. फेऱ्यांमधले अंतर मोठे असूनही डबे भरलेले असतात. मोऱ्याची लाँच ओहोटीच्या वेळी गाळामुळे अडते, हे दुखणे जुनेच आहे.

आता जमिनीविषयी, ज्याची विचारणा मला सर्वाधिक होते. उलवे आणि द्रोणागिरी येथील भाव वाढले ते पूल खुला होण्याच्या बऱ्याच आधी, डिसेंबर २०१६ मधील भूमिपूजनानंतर आणि विशेषतः समुद्रात खांब दिसू लागल्यावर. नवी मुंबई विमानतळाची आशा त्यात मिसळलेली होतीच. पण या दोन्ही ठिकाणची जमीन मूळ शेतकऱ्यांच्या हातून सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या संपादनात कधीच गेली होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, आणि सार्वजनिक सुविधांसाठीची कपात वजा जाता हातात पावणेनऊ टक्केच आले. घरात लग्न, आजारपण, वाटण्या आल्या तसे यातील कितीतरी भूखंड त्रिपक्षीय करार (सिडको, मूळ भूखंडधारक आणि विकसक यांच्यातील) करून विकसकांकडे गेले. जासईतील माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला सांगितले, “पूल आमच्या शेताच्या डोक्यावरून गेला, भाव मात्र भूखंड विकल्यावर आला.” त्यांच्यासारखी अनेक कुटुंबे येथे आहेत आणि या वाढीत त्यांचा वाटा नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

चिरनेर, कोप्रोली, विंधणे या उरण तालुक्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात जमीन अजून शेतकऱ्यांच्या नावावर आहे, आणि सेतूच्या नावाने प्लॉटविक्रीचा जोर तेथेच आहे. माझ्या मावसभावासाठी आम्ही असा एक दोन गुंठ्यांचा तुकडा पाहिला. फलकावर सेतूचे चित्र होते, दगडी खुणा रोवलेल्या होत्या, मुरमाचा रस्ता टाकलेला होता. सातबारा मागितल्यावर कळले की तो मोठा गट असून त्यावर बरीच नावे सामाईक आहेत, पोटहिस्सा पडलेला नाही (म्हणजे कोणाचा भाग कोणता हे वेगळे झालेले नाही), मोजणीचा नकाशा नाही, आणि मुरमाचा रस्ता शेजारच्या गटातून जातो. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची, नोंद होती. तुकडेबंदीच्या, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या व्यवहारांना रोखणाऱ्या नियमांत अलीकडे सवलती आल्या असल्या तरी असा व्यवहार आपोआप नियमित होत नाही. शिवाय उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण, म्हणजे नव्या शहराचे नियोजन करणारी संस्था, म्हणून नेमलेले आहे आणि त्याला गावांचा विरोध आहे; आज दिसणारा तुकडा उद्याच्या आराखड्यात रस्त्यात जाईल की आरक्षणात, हे विक्रेता सांगू शकत नाही. आम्ही तो व्यवहार केला नाही. मावसभावाने द्रोणागिरी स्थानकापासून चालत जाता येईल असे, भोगवटा प्रमाणपत्र असलेले जुने घर घेतले. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरण शुल्क वेगळे भरावे लागले, त्याची तरतूद आधीच करून ठेवावी.

माझ्या अनुभवावरून जागा पाहायला जाणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की सोमवारी सकाळी आठ वाजता त्या जागेवरून निघून आपल्या कामाच्या दारापर्यंत स्वतः जाऊन पाहावे, त्या वेळेच्या जोडीला दरमहा सुमारे साडेनऊ हजारांचा टोल हिशोबात धरावा आणि मगच विक्रेत्याशी भावाची बोलणी सुरू करावीत. मी स्वतः आठवड्यातून दोन दिवस सेतूने जातो, उरलेले दिवस लोकलने. उरणहून थेट सेतूमार्गे बस सुरू झाली आणि पासाचा दर परतीच्या दरापेक्षा खाली आला, तर मोटार मी घरीच ठेवीन, आणि माझ्या लोकलच्या डब्यातील कित्येकजणही त्या बसमध्ये दिसतील.