रॅमवरच्या दिव्यांनी खाल्लेले फ्रेम्स: असेंबल्ड गेमिंग पीसी, सात महिन्यांनंतर

हा रिव्ह्यू मी चौथ्या महिन्यात लिहायला घेतला होता, तेव्हा एक स्टार द्यायचा हे पक्कं होतं, तोही शून्य देता येत नाही म्हणून. मग मधे बऱ्याच भानगडी झाल्या, त्यामुळे अर्धा जुना आणि अर्धा नवीन असा झालाय. जुना भाग काढत नाहीये कारण तेव्हाची चिडचिड खरी होती.

स्पेक्स सगळ्यांना माहितीच आहेत. आठ कोअरचा प्रोसेसर, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६-१६ च्या दोन स्टिक मिळून ३२ जीबी डीडीआर५ रॅम, ६००० स्पीडवाली, सोबत १४४०पी १६५ हर्ट्झ मॉनिटर. कागदावर एकदम टकाटक. आणि हो, आरजीबी, म्हणजे रंगीबेरंगी दिवे. फॅनला आरजीबी, कूलरला आरजीबी, रॅमला आरजीबी. मी घेतानाच विचारलं होतं की बिनदिव्याची रॅम मिळेल का, तर विकणारे म्हणाले सर या बिल्डमध्ये हीच येते आणि दिसायला भारी दिसतं. मी पीसी टेबलाखाली ठेवतो. माझ्या गुडघ्यांना भारी दिसत असेल.

तर प्रॉब्लेम असा. मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये जंगलात, डोंगरात वगैरे ११०-१२० एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं), मस्त चाललंय, आणि गर्दीच्या शहरात शिरलं की धाडकन ६०-६२. नुसते ६० असते तरी चाललं असतं, पण कॅमेरा झपकन वळवला की मधेच एखादी फ्रेम अडकायची, म्हणजे अ‍ॅव्हरेज ६२ आणि १% लो, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेम्सचा वेग, ३१. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी, ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदात आणि ३० म्हणजे ३३.३, आणि डोळ्याला खुपतं ते अ‍ॅव्हरेज नाही, ती मधूनच येणारी ३३ वाली फ्रेम. एवढं तगडं मशीन आणि बाजारातून चालताना पायात दगड बांधल्यासारखं.

शोधाशोधीच्या पहिल्या दोन आठवड्यांत मी काय काय केलं ते भराभर सांगतो. सुरुवात माझ्याच लाजेपासून: मॉनिटर १६५ चा घेतला पण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० हर्ट्झवरच होता. महिनाभर. कोणी हसू नका, तुमचंही एकदा उघडून बघा. ते बदलल्यावर बाकी सगळं गुळगुळीत झालं पण शहर तसंच. केबल मदरबोर्डला तर लावली नाही ना, बघितलं, कार्डलाच होती. कार्ड वरच्या स्लॉटमध्ये पूर्ण १६ लेनवर आहे का, होतं. डीडीयू (ड्रायव्हर पुसणारा प्रोग्राम) टाकून सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर साफ करून नवीन टाकला, काही नाही. पॉवर प्लॅन बदलला, काही नाही. टेम्परेचर बघितलं, प्रोसेसर पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या वर जातच नव्हता, म्हणजे तापून स्पीड कमी करतोय असंही नाही. विंडोजमधलं मेमरी इंटेग्रिटी बंद करून बघितलं, तीन-चार एफपीएस वाढले, तेवढ्यासाठी सिक्युरिटी कशाला घालवायची म्हणून परत चालू केलं.

मग सर्व्हिस. नाव घेत नाही. पहिलं उत्तर, गेमच्या सेटिंग्ज कमी करा. मी लिहिलं, केल्या, अल्ट्रावरून लो केल्या, शहरात ६२ चे ६४ झाले. दुसरं उत्तर, पीसी पाठवा, चेक करतो. पाठवला. नऊ दिवसांनी परत आला, सोबत एक व्हिडिओ, ती केसाळ डोनट गोल गोल फिरणारी टेस्ट असते ना, ती अर्धा तास चालवलेली, कार्ड ९९ टक्के, टेम्परेचर ७१. "कार्ड ठणठणीत आहे सर." अहो पण कार्ड ठणठणीतच आहे, मी कधी म्हटलं आजारी आहे म्हणून? ती टेस्ट कार्डालाच राबवते, प्रोसेसर आणि रॅमला तिच्यात कामच नसतं. तिसरं उत्तर, हा गेमच नीट ऑप्टिमाइझ केलेला नाही. आणि चौथं उत्तर वाचून माझा पारा चढला, कारण त्यात लिहिलं होतं की हवं असल्यास वरचं कार्ड बसवून देऊ, जुनं एक्स्चेंजमध्ये घेऊ.

आणि मी, कबूल करतो, दोन संध्याकाळ वरच्या कार्डांचे भाव बघत बसलो होतो. इथपर्यंतचा रिव्ह्यू एक स्टारवाला होता.

अपडेट, पाचवा महिना. एका मित्राशी फोनवर असंच रडगाणं गात होतो. तो म्हणाला, "अरे, सेटिंग लो केल्यावर किती वाढतात?" म्हटलं एक-दोन. "आणि रिझोल्यूशन १०८० केलं तर?" तेवढेच. "मग कार्डाच्या मागे काय लागलायस? ते बिचारं रिकामं बसलंय."

झालं. पाच महिन्यांत हे मला सुचलं नाही आणि सर्व्हिसवाल्यालाही. कार्ड अपुरं पडत असेल तर त्याचं काम कमी केल्यावर फ्रेम्स वाढायलाच हव्यात. नाही वाढत म्हणजे अडलंय दुसरीकडे. आफ्टरबर्नर आणि रिवाट्यूनरचा, गेमवरच आकडे दाखवणारा ओव्हरले लावला, शहरात जाऊन उभा राहिलो, कार्डाचा वापर ५५ टक्के. जंगलात ९८. म्हणजे शहरात कार्ड वाट बघत उभं, आणि प्रोसेसर त्याला वेळेवर काम देऊ शकत नाहीये. शेकडो माणसं, गाड्या, कोण कुठे चाललंय, काय काय काढायचं याची यादी प्रोसेसर बनवतो, मग कार्ड ते रंगवतं. आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ३८ टक्के दिसतो म्हणून मी निवांत होतो, पण तो आकडा सगळ्या कोअर्सचा मिळून असतो, एकच कोअर धापा टाकत असला तरी त्यात कळत नाही.

मग मेमरीच्या पानावर नजर गेली. स्पीड ३६००. खोक्यावर ६०००. मी परत परत बघितलं. पैसे ६००० चे दिले होते.

आता ज्यांना माहीत आहे ते म्हणणार, अरे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमचं तयार स्पीड-सेटिंग, चालू कर, रॅम आपोआप खोक्यावरच्या स्पीडला जात नसते. केलं. काळी स्क्रीन. रिस्टार्ट, परत काळी, परत रिस्टार्ट, मग स्वतःच जुन्या सेटिंगवर आला. मला वाटलं रॅमच खराब दिली, आणि रागाच्या भरात तसा मेलही लिहून ठेवला. पाठवला नाही ते बरं झालं, कारण सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडल्यावर चॅनेलच्या जागी "२ गुणिले ३२ बिट" असं दिसलं. डीडीआर५ मध्ये एका स्टिकवरच ३२ बिटचे दोन सबचॅनेल असतात, ड्युअल चॅनेल नीट चालू असेल तर तिथे ४ दिसायला हवेत. म्हणजे दोन स्टिक असून एकाच चॅनेलवर. दोन नळ बसवले, पाइप एकच.

टॉर्च घेऊन काच काढली. आणि इथे या सगळ्या प्रकरणाचा खलनायक सापडला. मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट, दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात टाकायच्या, मॅन्युअलमध्ये चित्र काढून दिलंय, ए२ आणि बी२. माझ्या तिसऱ्या आणि चौथ्यात, शेजारी शेजारी. का? कारण कूलरचा पंखा पहिल्या दोन स्लॉटच्या वर येतो, आणि माझी रॅम त्याच्याखाली मावत नाही. का मावत नाही? कारण ती उंच आहे. का उंच आहे? कारण तिच्या डोक्यावर दिव्यांची पट्टी आहे! फूटपट्टी धरून रॅमची उंची मोजली, साडेचार सेंटिमीटरला थोडी कमी. बिनदिव्याच्या साध्या स्टिक यापेक्षा चांगल्या सेंटिमीटरभर बुटक्या असतात, पंख्याखालून आरामात गेल्या असत्या. जोडणाऱ्याने पंखा वर सरकवण्याऐवजी रॅम बाजूला सरकवली, दिवे लागले, फोटो काढला, खोकं बंद. एकाच चॅनेलवर दोन स्टिक आल्या की बोर्ड स्पीडही खाली उतरवतो, तोच तो ३६००, आणि ६००० वर ढकललं की बूटच होत नाही. मला जी रॅम खराब वाटत होती ती चुकीच्या खुर्चीत बसवलेली होती एवढंच.

दुरुस्ती दहा मिनिटांची, आणि फुकट. पंखा तारेच्या क्लिपवर असतो, क्लिप काढून बोटभर वर लावला (काच जेमतेम बसते, कागद सरकेल एवढीच फट राहिलीय), रॅम दुसऱ्या-चौथ्यात टाकली. बटण दाबलं. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. एक मिनिट. दोन मिनिटं. दिवे मात्र मजेत नाचतायत. हात बटणावर गेला होता पण मित्राने बजावलं होतं की डीडीआर५ जागा बदलल्यावर आधी ट्रेनिंग करते, म्हणजे स्वतःला बोर्डशी जुळवून घेते, हात लावू नकोस. साडेतीन मिनिटांनी चित्र आलं. एक्स्पो चालू केलं, परत तेवढीच काळी स्क्रीन, आणि आला, ६०००.

तीच सेव्ह फाइल, तोच चौक: अ‍ॅव्हरेज ९१, १% लो ६४. एक पैसा न घालता. त्या रात्री गेम खेळलोच नाही, नुसता बाजारातून फिरत होतो, इकडे वळ तिकडे वळ.

सर्व्हिसला फोटोसकट सगळं कळवलं. उत्तर: "धन्यवाद सर, इश्यू सॉल्व्ह झाला असल्याने तिकीट क्लोज करत आहोत." सॉरी नाही की काही नाही. तरी मशीन दमदार आहे हे मान्य करायलाच लागतं, म्हणून तेव्हा चार स्टार केले होते.

अपडेट, सहावा महिना, परत खाली. आता सगळं इतकं स्मूथ झालं की आधी न दिसलेली एक गोष्ट टोचायला लागली. ठरावीक वेळाने एक बारीक झटका. नवीन भागात पहिल्यांदा गेल्यावर शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम) तयार होताना झटके येतात ते वेगळे, ते एकदा येऊन जातात. हा म्हणजे घड्याळ लावल्यासारखा, मेनूमध्ये नुसतं उभं राहिलं तरी. फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, ग्राफ लावला तर सपाट रेषेवर समान अंतरावर सुया, साधारण दर दोन सेकंदांनी एक. इतक्या नियमात गेम चुकत नाही, मागे कोणीतरी टायमर लावून काहीतरी करतंय. एकेक बॅकग्राउंड प्रोग्राम बंद करत गेलो. ब्राउझर, नाही. चॅट, नाही. ओव्हरले, नाही.

ओळखा कोण. दिव्यांचं सॉफ्टवेअर. म्हणजे दोन सॉफ्टवेअर, एक मदरबोर्डच्या दिव्यांचं आणि एक रॅमच्या, दोघंही सतत सेन्सरची विचारपूस करतात, आणि रॅमच्या दिव्यांशी बोलायचा रस्ता बोर्डवरची तीच एक हळू चालणारी वायर, जिच्यावरून बाकीचीही माहिती येते-जाते. दोघं एकदम तिच्यावर आले की सगळं क्षणभर थांबतं. निदान माझ्या मशीनवर तरी, दोन्ही काढून टाकल्यावर ग्राफ इस्त्री केल्यासारखा सपाट. परत टाकून बघितलं, सुया परत. परत काढलं. तीनदा केलं, खात्री होईपर्यंत.

मग आता सगळं छान? फ्रेम्सच्या बाबतीत हो, तेव्हापासून एकही तक्रार नाही. पण सॉफ्टवेअर काढल्यामुळे रॅमला आता कोणी सांगणारच नाही की काय रंग लावायचा, तर ती आपल्या मूळ अवतारात, लाल हिरवा निळा पिवळा, अखंड, रात्रंदिवस. बायोसमध्ये एलईडी बंद करायचा ऑप्शन आहे, त्याने बोर्डचे दिवे गेले, रॅमचे नाही गेले. काळी टेप लावायचा विचार केला, पण पंखा आता बरोबर रॅमच्या वर आलाय, मधे बोट जात नाही. म्हणून साडेतीन स्टार. अर्धा त्या डोनटच्या व्हिडिओचा कापलाय, आणि एक पूर्ण स्टार दिव्यांचा.

गेल्या आठवड्यात परत तिकीट टाकलं, की बाबांनो, रॅमचे दिवे कायमचे बंद करायला काही उपाय आहे का. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, एवढं लवकर आजवर कधीच आलं नव्हतं. सोबत एक लिंक, आणि खाली: "सर, आमचं आरजीबी कंट्रोल सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा, त्यात ऑफचं बटण आहे."