वेल्डिंगचा धूर ओढायचं मशीन, 8 महिने वापरून

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, चार वेल्डर, मिगचं, म्हणजे तार नि गॅसवाल्या वेल्डिंगचं, काम जास्त. आधी भिंतीत दोन मोठे एक्झॉस्ट फॅन होते, वाटायचं बास झालं, पण ते फॅन धूर ओढणार तो वेल्डरच्या तोंडावरूनच की, हे डोक्यातच नव्हतं आलं. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. जीआय, म्हणजे झिंक चढवलेल्या पाइपचं काम असलं की रात्री कुणीतरी थंडी वाजून तापलेलं, झिंकच्या धुराचा ताप तो, उतरतो आपोआप म्हणून डॉक्टरकडे कोण जातंय, गूळ खायचा नि परत कामाला. 2017 ला डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेने वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात, म्हणजे ज्याने कॅन्सर होऊ शकतो हे पक्कं झालंय अशांत टाकला हे कळलं आणि मग चाकावरचा फ्युम एक्स्ट्रॅक्टर घेतला.

पहिले पंधरा दिवस पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. नळी दोन फुटांवर टांगलेली, मशीन बोंबलतंय, धूर आपला तिथेच. शेवटी अगरबत्ती घेऊन बसलो. आमच्या नळीचं तोंड सहा इंची, तेवढंच सहा इंच लांब गेलं तरी ओढ दहाव्या हिश्श्यावर येते राव! आणि फार जवळ नेली तर शील्डिंग गॅसच (वेल्डला हवेपासून झाकणारा) ओढते, वेल्डला भोकं पडतात. वीतभर अंतर, थोडी वरून नि बाजूने, हे जमलं. पण नळी सारखी सरकवावी लागते. आमचे मामा, सगळ्यात जुने वेल्डर, म्हणाले, "एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्यात जॉब, नळी काय दातात धरू?" बरोबर होतं त्यांचं, आता हेल्परला तेच काम दिलंय.

जुलैत गंमत झाली, पॅनलच्या कामात दोन फेज उलटसुलट जोडले गेले, मोटर उलटी फिरायला लागली. यातला ब्लोअर, म्हणजे ओढणारा पंखा, उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ओढतो, फक्त मरतुकडी, त्यामुळे चार दिवस पत्ताच नाही. वर फिल्टर तुंबला की चढणारा गेजचा काटा खाली, आम्ही खुश की फिल्टर स्वच्छ आहे! मोटरवरचा बाण बघत जा.

ग्राइंडिंग याच्यासमोर करू नका, ठिणगीने आमच्या फिल्टरला भोक पडलंय. ट्रेमधली धूळ मास्क लावूनच काढा, एअर गनने उडवू नका. आणि गॅस यात अडकत नाहीत, म्हणून भिंतीवरचे फॅन काढले नाहीत.

दुसरं मशीन घ्यायचंय, यावेळी तीन मीटर हाताचं (नळी धरणारा दांडा), नि सोडला तिथेच थांबणारा हात हवा, आमचा हळूहळू खाली झुकतो.