‘भूमिका’ पुन्हा पाहताना

श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि त्यातल्या नायिकेचा, उषाचा मला राग आला होता. पोटची मुलगी मागे ठेवून ही बाई सारखी कुठे निघून जाते? परवा रात्री लेकीबरोबर पुन्हा पाहिला. या खेपेला राग आला तो तिच्या कमाईवर जगून तिलाच नावं ठेवणाऱ्या घराचा.

जुन्या काळच्या नटी हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला हा १९७७ सालचा सिनेमा. आठवणी कृष्णधवलात उघडतात: कोंबडीमागे धावणारी छोटी उषा, तिला गाणं शिकवणारी आजी. पुढे ती नटी म्हणून गाजते, आणि तिच्याबद्दलची कुजबुज त्याहून जास्त गाजते. नवरा केशव तिची कामं ठरवतो, पैसे सांभाळतो आणि सहनटावरून संशयही घेतो. अमोल पालेकरांचा हा केशव पाहताना अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

पण मला बोलायचंय ते काळ्यांच्या घराबद्दल. अमरीश पुरींचा हा श्रीमंत काळे उषाला घरी आणतो आणि ती तिथे रमते. खरंच रमते; पहिल्या वेळी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, म्हातारी सासू, लहान मुलगा, सगळ्यांचं ती मायेनं करते. बदनाम बाईला संसाराचीही तितकीच ओढ असते, हे उषा झालेल्या स्मिता पाटीलनं नुसत्या वावरण्यातून दाखवलंय. मग एक दिवस मुलाला जत्रेला न्यायचं म्हणते आणि कळतं, या घरातल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. इथे स्मिताचा चेहरा बघा. तेव्हा ती जेमतेम बाविशीची होती. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळायलाच हवा होता.

नसीरुद्दीन शहांनी रंगवलेल्या, सिनेमातल्या दिग्दर्शकाचा भाग मला याही वेळी पटला नाही. त्याचं मरणाबिरणाचं बोलणं कागदावरचं वाटतं. आणि सिनेमा हिंदीत आहे; ही माणसं मराठीत बोलायला हवी होती, ही हळहळ आहेच.

सिनेमा संपल्यावर लेक म्हणाली, “आई, हिला वाईट का म्हणायचे?” मी कपाटातून ‘सांगत्ये ऐका’ काढून तिच्या हातात दिलं.