नजरेने टाइप करायचं, की मेंदूतल्या चिपची वाट बघायची?

घरात मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाण्याच्या, आजाराचं माणूस आहे, हात थकलेत, बोलणं जड होतंय. अशा वेळी ‘ती मेंदूचे संकेत वाचून संगणक चालवणारी चिप आपल्याकडे कधी येणार?’ हा प्रश्न फोंडा असो की पेडणे, घरात निघतोच. पैसे आज कशावर घालायचे आणि वाट कशाची बघायची, ते बघू.

आज घ्यायचं असेल तर माझं मत सरळ आहे: नजरेवर चालणारी यंत्रणा. इन्फ्रारेड कॅमेरा बुबुळ टिपतो, अक्षरावर नजर रोखली की ते उमटतं. २०२४पासून नव्या आयफोन-आयपॅडमध्ये पुढच्याच कॅमेऱ्यावर चालणारी अशी सोय आयतीच आहे. आधी नातवाचा फोन मागून घेऊन बघा. डोळे थकतात, हे खरं. पडवीतल्या उन्हात कॅमेरा गोंधळतो, म्हणून खाट आतल्या खोलीत हवी.

डोक्यावर घालायची ईईजी टोपी शस्त्रक्रियेशिवाय मेंदूचे तरंग टिपते. ऐकायला छान. पण कवटीबाहेर पोचेपर्यंत तो संकेत अगदी क्षीण होतो. अक्षरांच्या ओळी लुकलुकत राहतात, हवं ते अक्षर उजळलं की मेंदूचा प्रतिसाद पकडायचा. मिनिटाला जेमतेम काही अक्षरं होतात. त्यात मे महिन्यातला आपला घाम आणि केसांतलं खोबरेल. नजर हवी तिथे रोखणं जमेनासं झालं तरच हिच्याकडे वळा.

आता शरीरात बसणारी दोन. सिंक्रॉन या कंपनीचं जाळीदार नळीसारखं उपकरण मानेतल्या शिरेतून मेंदूच्या मोठ्या शिरेत नेतात. कवटी उघडावी लागत नाही, पण इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूचे संकेत टिपणारे बिंदू, फक्त १६. त्यामुळे ‘हे निवड, ते उघड’ एवढ्यापुरतंच काम. न्यूरालिंक या दुसऱ्या कंपनीचं उपकरण कवटीत बसतं, १०२४ इलेक्ट्रोड असलेले बारीक धागे थेट मेंदूत जातात. जानेवारी २०२४मध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं आणि काही आठवड्यांत बरेच धागे मागे सरकले. सॉफ्टवेअर सुधारून काम पुढे चालवावं लागलं. दोन्ही अजून चाचणीतच आहेत, दुकानात मिळत नाहीत. कुणी एजंट ‘नंबर लावून देतो’ म्हणाला तर दारातूनच परत पाठवा.

मला खरी आशा वाटते ती वाचेची. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात एएलएस हा मोटर न्यूरॉनचाच आजार झालेल्या एका माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले. तो बोलू पाहतो ते शब्द पडद्यावर येतात, अचूकता सुमारे ९७ टक्के. २०२४मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथला संगणक आवाजही त्याचाच काढतो, आजाराआधीच्या ध्वनिमुद्रणावरून घडवलेला. मात्र हे सगळं इंग्रजीच्या ध्वनींवर शिकवलेलं. आपल्याकडे माणूस सुनेशी कोकणीत बोलतो, पेपर मराठीत वाचतो आणि बँकेत इंग्रजी. ‘ट’ आणि ‘त’, ‘क’ आणि ‘ख’ वेगळे धरणारी यंत्रणा कुणीतरी मुद्दाम घडवावी लागेल.

म्हणून चिप मिळो न मिळो, आवाज आजच रेकॉर्ड करून ठेवा. कोकणीत, मराठीत, हाका मारताना, आरती म्हणताना. साध्या फोनवर, पंखा बंद करून.

आणि उद्या चाचणीत जागा मिळालीच, तर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. उपकरण बसल्यावर एमआरआय करता येईल का? आणि कंपनी बंद पडली तर दुरुस्ती कोण करणार? सेकंड साइट या कंपनीने अंधांच्या डोळ्यांत बसवायचं उपकरण विकलं, मग ते बनवणंच थांबवलं. ज्यांच्या डोळ्यांत ते होतं, त्यांतल्या काहींना नादुरुस्त यंत्र घेऊन बसावं लागलं. उत्तरं लेखी घ्या आणि तो कागद गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.