वॉटरप्रूफ कापड, गळकी शिवण: गाडीच्या कव्हरचे आठ महिने

आमच्या सोसायटीत छताखालचे पार्किंग सोडतीने मिळते आणि सोडतीत आमचा नंबर कधी लागत नाही. त्यामुळे आमची 2016 ची पांढरी वॅगनआर पुण्यात एका सोनमोहराखाली उघड्यावरच उभी असते. मार्चमध्ये तिच्यासाठी 1,350 रुपयांचे चंदेरी लेपाचे कव्हर घेतले. 190टी टॅफेटा म्हणजे तलम, घट्ट विणीचे कृत्रिम धाग्याचे कापड, पोटाखालून बांधायचा पट्टा, आरशांसाठी खिसे आणि पाकिटावर ठळक अक्षरांत ‘100 टक्के वॉटरप्रूफ’. त्या 190 वरून एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे मोजता येतात, पाणी किती अडेल ते कळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक असते तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

उन्हाळ्यात मात्र मी या कव्हरवर बेहद्द खूश होतो. दुपारी तीन वाजता गाडीत बसल्यावर स्टिअरिंगला हात लावता येत होता, आणि सोनमोहराच्या पाकळ्यांचा चिकट सडा व कबुतरांची विष्ठा काचेऐवजी कव्हरवर पडत होती. तक्रार एवढीच होती की कव्हर थोडे ढगळ होते. जानेवारी 2019 पासूनची वॅगनआर जुन्या गाडीपेक्षा बरीच रुंद आहे, आणि नुसते ‘वॅगनआर’ म्हणून मागवले की बहुधा तेच माप येते. ढगळ कापड वाऱ्यावर फडफडते आणि खालच्या धुळीसकट रंगावर घासत राहते, म्हणून मागवताना गाडीचे साल अवश्य कळवावे. मी दोन्ही बाजूंना जुन्या नाडीच्या गाठी मारून ते प्रकरण मिटवले.

खरी गोष्ट जुलैत उघडकीला आली. एका रविवारी कव्हर काढले, तर छतावर पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत पट्टी ठेवून आखल्यासारखी पाण्याची एक सरळ रेघ होती. तिच्या बरोबर वर कव्हरची मधली शिवण येत होती. मी शिवणीचा तो भाग बादलीच्या तोंडावर झोळीसारखा ताणून धरला आणि त्यात तांब्याभर पाणी ओतले. कापडावर पाणी पाऱ्यासारखे हलत राहिले, एक थेंबही झिरपला नाही. शिवणीखाली मात्र मिनिटाभरात टाक्याटाक्याला एकेक थेंब लोंबू लागला. मग मी टाके मोजले. इंचाला सात. छतावरची सहा फूट शिवण धरली, तर सुईने पाडलेली पाचशे चार छिद्रे ऐन सपाट जागी, जिथे पाणी साचते तिथेच. टॅफेटाचा पन्हा साधारण 58 इंच असतो, तेव्हा जोड कुठेतरी येणारच हे मान्य आहे. पण एक अखंड पट्टा छतावर घेऊन जोड दोन्ही कडांना उतारावर ढकलता आला असता. तेवढी अक्कल कापणाऱ्याने वापरली नाही, आणि विकणाऱ्याला तर त्याची गरजच वाटली नाही. दोन वर्षांच्या वॉरंटीचा कागद दाखवल्यावर फोनवरचा गृहस्थ अत्यंत शांतपणे म्हणाला, “साहेब, कापड वॉटरप्रूफ आहे. शिवणीचं आम्ही कुठे म्हटलंय?” मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा हेच उत्तर मिळाले.

नवे कव्हर घेणे जिवावर आले होते, म्हणून आधी शिवणीवर मेणबत्ती घासली. दोन सरी तिने सोसल्या, तिसऱ्या सरीला रेघ परत उमटली. शेवटी नाक्यावरच्या छत्री दुरुस्त करणाऱ्या काकांकडे कव्हरचे बोचके घेऊन गेलो. त्यांनी शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाले, “छत्रीला काय शिवण नसते का? पण ती काडीवर येते अन् काडी उतरती असते. तुमच्या गाडीचं टप सपाट. आता यावर पुन्हा सुई चालवली तर भोकंच वाढतील. पट्टी चिकटवू, पण आधी हे मेण काढून आणा.” मेण काढण्यात माझी एक दुपार गेली. त्यानंतर जुन्या रेनकोटची तीन बोटे रुंद पट्टी त्यांनी पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवून दिली आणि त्याचे ऐंशी रुपये घेतले.

येथे मला माझे मत थोडे बदलावे लागले, आणि ते मी नाखुशीनेच बदलत आहे. पट्टी लावल्यावर रेघ नाहीशी झाली, पण छत कोरडे राहीना. ऑगस्टमधल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस नसतानाही, छतावर, बॉनेटवर आणि कव्हरच्या आतल्या बाजूलाही बारीक थेंब जमलेले होते आणि दाराच्या रबरावर बुरशीचे ठिपके दिसत होते. गाडीखालच्या ओल्या फरशीतून निघणारी वाफ या न श्वास घेणाऱ्या कापडाखाली कोंडते आणि रात्री पत्रा गार झाला की त्यावर दवासारखी धरते. त्यात शिवणीचा काही दोष नाही. म्हणजे कापड जितके पक्के वॉटरप्रूफ, तितकी आतली ओलही आतच. त्यानंतर पावसाळाभर मी गाडी उघडीच ठेवली. पाऊस ती फुकट धुतो, आणि विष्ठा पडलीच तर ओल्या फडक्याने लगेच टिपून घेतली की रंगावर डाग बसत नाही. कोरडे फडके मात्र चुकूनही घासू नये. तरीही पाचशे चार छिद्रांबद्दलचा माझा राग कायम आहे, कारण मी पैसे वॉटरप्रूफचे मोजले होते.

ऑक्टोबरच्या उन्हापासून कव्हर पुन्हा गाडीवर आहे. बॉनेटच्या जागी चंदेरी लेपाचे पापुद्रे सुटू लागले आहेत, मागची इलॅस्टिक सैल पडली आहे, पण ऐंशी रुपयांची पट्टी जशीच्या तशी आहे. पुढच्या वर्षी हवा खेळती ठेवणारे, आत मऊ अस्तर असलेले तीन थरांचे कव्हर घेण्याचा विचार आहे. परवा एका विक्रेत्याला छतावर शिवण कुठे येते ते विचारले, तेव्हा त्याने तत्परतेने फोटो पाठवला. तो समोरून, नंबरप्लेटच्या उंचीवरून काढलेला होता.