फवारा, कोयता की कुऱ्हाड? हार्टरॉटच्या मुलखातली माडाची बाग

सुरिनाम, गयाना किंवा त्रिनिदादकडे माडाची बाग करायची, तर सोंड्या भुंग्याच्या जोडीला एका ढेकणावरही डोळा ठेवावा लागतो. लिंकस त्याचं नाव. डिवचला की घाण वास सोडणारा हा कीटक रस शोषता शोषता फायटोमोनास नावाचा सूक्ष्म परजीवी झाडात सोडतो. त्याने होणाऱ्या रोगाला माडावर हार्टरॉट म्हणतात, त्रिनिदादमध्ये सेड्रोस विल्ट. कोलंबिया, पेरूत ऑइल पामवर हीच 'मार्चितेस सोर्प्रेसिवा', म्हणजे अचानक येणारी मर. लक्षणं दिसली की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत झाड गेलंच.

पैसा आणि मजूर बेताचे असतील, तर आधी काय करावं?

फवारणी सगळ्यांना आवडते, कारण काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण ढेकूण बसतो झावळ्यांच्या बेचक्यांत खोल, आणि उंच माडावर औषध तिथवर पोचवणं सोपं नाही. शिवाय रोगट झाड त्याने बरं होत नाही.

कोयता स्वस्त, पण कंटाळवाणा. आळी तणमुक्त ठेवायची, वाळक्या झावळ्या उतरवायच्या, बुंध्याशी कचरा साचू द्यायचा नाही. ढेकणाची लपण कमी होते. जंगलालगतच्या ओळी आधी घ्या. तिथल्या रानटी अ‍ॅस्ट्रोकॅरियम ताडांवर तो राहतो.

कुऱ्हाड जिवावर येते, आणि माझं मत तिलाच. मात्र आधी खात्री हवी, कारण खालच्या झावळ्या टोकाकडून तपकिरी होणं, कोवळी फळं गळणं ही लक्षणं इतर रोगांतही दिसतात. न उमललेली पोय कापून रसाचा थेंब काचेवर घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारखे निमुळते जीव वळवळताना दिसले, की संशय फिटला. मग त्या झाडावर आणि शेजारच्या माडांवर फवारा, आणि लगेच तोडा. उशीर केलात तर ढेकूण शेजारी सरकतो. फवारणीचे पैसे वसूल होतात ते इथे.

कोकणातल्या वाचकांनी धास्तावू नये; हा रोग दक्षिण अमेरिका आणि आसपासचा. केरळातला मूळकुजव्या (रूट विल्ट) वेगळा, फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवाचा. तो माड वर्षानुवर्षं कमी का होईना नारळ देतो, म्हणून खतपाणी करून सांभाळतात. हार्टरॉट झालेल्या माडाला मात्र खत घालत बसलात, तर तेवढ्या दिवसांत शेजारचे दोन-चार जातील.