सर्किट्स आणि फिजिक्सची पुस्तकं, काही महिने वापरून झाल्यावर: मागची उत्तरं नसतील तर घेऊ नका

कोणत्या पुस्तकात किती प्रकरणं आणि कितवी आवृत्ती चालू आहे ही माहिती सगळीकडे मिळते, म्हणून त्यात शिरत नाही. मी ठाण्यात राहते, रबाळे एमआयडीसीत पॅनल टेस्टिंगला आहे. डिप्लोमानंतर नोकरी सांभाळून डिग्री करतेय आणि पुढे गेट (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) द्यायची आहे. क्लास लावलेला नाही. रात्री गणित अडलं तर विचारायला कोणी नाही, पुस्तकच काय ते. कॉलेजात सर हाताशी असतील तर तुमचं मत वेगळं असू शकतं.

आज लिहायला बसले ते एका गायब फर्म्यामुळे. फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, असे गठ्ठे एकापुढे एक लावून पुस्तक बांधतात. सर्किट्सचं जाड पुस्तक ऑनलाइन मागवलं होतं. त्याचं नाव देत नाही, कारण मजकुरात खोट नाही, लेखकांनी फार मन लावून लिहिलंय. विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरं शेवटी परिशिष्टात आहेत. डीसीची प्रकरणं, नोडल, मेश, थेवेनिन, सगळं त्या उत्तरांशी ताडून पाहत छान झालं. मग एसी सुरू झालं, फेझर (एसीचे व्होल्टेज-करंट दाखवणारे बाण) आले, आणि पहिल्याच स्वाध्यायाला मागे गेले तर उत्तरं मध्येच तुटलेली. पुढे थेट सूची, आणि सूचीची तीच पानं दोनदा. नौपाड्यातल्या बाइंडिंगवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "ताई, पानं गळालेली नाहीत. एक फर्मा लागलाच नाही, त्याच्या जागी पुढचाच दोनदा लागलाय."

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की परत करायची मुदत संपली. फोनवर तर असं ऐकवलं: "मॅडम, चॅप्टर सगळे आहेत ना? फक्त मागची पानं नाहीत." याच वाक्याने माझं डोकं फिरलं. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला मागची पानं म्हणजे निम्मं पुस्तक. तीन फेजचं गणित तासभर सोडवून उत्तर बरोबर की चूक हेच कळणार नसेल, तर तो तास कुठे गेला? गेटच्या पेपरात काही प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा काढून टाइप करायचा असतो. तिथे 'पद्धत बरोबर होती' याला अर्धा गुणही मिळत नाही. उत्तर जुळवायची सवय अभ्यासातच लागायला हवी.

म्हणून पुस्तक निवडताना मी आता सगळ्यात आधी मागून उघडते. एच. सी. वर्मांच्या फिजिक्सच्या पुस्तकाचे दोन भाग बारावीपासून घरात आहेत. त्यातला दुसरा भाग विजेसाठी मी परत काढला, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उत्तरं असल्यामुळे तो आजही उपयोगी पडतो. 'हे तर बारावीचं' म्हणून त्याला बाजूला ठेवू नका, कपॅसिटर आणि इंडक्शनचा पाया तिथेच पक्का होतो. क्रेझिगचं गणिताचं पुस्तक जड आहे, पण विषम उत्तरं मागे आहेत, त्यामुळे लाप्लासची भीती गेली. थेरजांच्या इलेक्ट्रिकलच्या पुस्तकाला नावं ठेवणारे बरेच भेटतात. सिद्धता उरकून टाकतात, हे खरं. पण विद्यापीठांच्या परीक्षांतली सोडवलेली गणितं त्यात इतकी आहेत की मशीन्सच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात मी दुसरं काही उघडत नाही.

ग्रिफिथ्सच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सवर मात्र सुरुवातीला मी फार चिडले होते. समजावून सांगणं अप्रतिम, पहिलंच प्रकरण व्हेक्टरचं, त्यामुळे डायव्हर्जन्स आणि कर्ल पुन्हा दुसरीकडे शोधावे लागत नाहीत. पण मागे उत्तरांचा विभागच नाही. काही गणितांत तिथेच कंसात उत्तर दिलंय, बाकी तुमचं तुम्ही बघा. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर मी 'घेऊ नका' म्हणाले असते.

ते मत आता तसं राहिलेलं नाही, आणि त्याला कारण तो गायब फर्माच. एसीची उत्तरं नाहीत म्हटल्यावर पडताळा घ्यायच्या वाटा शोधणं भाग पडलं. एक साधं गणित सांगते. 230 व्होल्टवर एक कॉइल, रोध 30 ओहम, रिअ‍ॅक्टन्स 40 ओहम. इम्पिडन्स 50 ओहम, करंट 4.6 अँपिअर. आता करंटचा वर्ग गुणिले रोध, 634.8 वॅट. दुसऱ्या वाटेने 230 गुणिले 4.6, म्हणजे 1058 व्हीए, गुणिले पॉवर फॅक्टर 0.6 (30 भागिले 50), पुन्हा 634.8. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मागचं पान लागत नाही. मोठ्या सर्किटमध्ये हेच: सगळ्या सोर्सनी दिलेली पॉवर आणि सगळ्या घटकांनी घेतलेली पॉवर, वॅट आणि व्हार (कॉइल-कपॅसिटरमध्ये नुसती ये-जा करणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) दोन्ही, जुळलीच पाहिजे. फ्रीक्वेन्सी शून्य केली तर कॉइल तारेसारखी वागते का, खूप वाढवली तर कपॅसिटर शॉर्ट होतो का, हे उत्तरात घालून बघायचं. एवढं करूनही शंका राहिली तर एलटीस्पाइस हे सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सर्किट काढून बघायचं.

कपल्ड कॉइल्सच्या (एकमेकींवर चुंबकीय परिणाम करणाऱ्या कॉइल्सच्या) प्रकरणात तर मी डॉटच्या खुणेचा, म्हणजे कॉइलचं कोणतं टोक दुसरीच्या कोणत्या टोकाशी जुळतं ते दाखवणाऱ्या ठिपक्याचा, पडताळा कंपनीत इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर घेतला. दोन कॉइल सिरीजमध्ये जोडून इंडक्टन्स मोजला, मग एकीची टोकं उलटी करून पुन्हा मोजला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे म्युच्युअल इंडक्टन्सच्या चौपट, आणि जास्त आकडा येतो त्या जोडणीत करंट दोन्ही कॉइल्समध्ये डॉटच्याच बाजूने शिरतो किंवा दोन्हींत डॉटच्याच बाजूने बाहेर पडतो. ते मीटरवर बघितल्यापासून डॉट चुकलेला नाही. या सवयी लागल्यावर ग्रिफिथ्स पुन्हा घेतलं आणि आता ते माझं आवडतं आहे. तरी क्रम महत्त्वाचा. आधी उत्तरांची पुस्तकं, पडताळ्याची सवय अंगी मुरली की मगच ते.

फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल एकत्र वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, हिने माझे बरेच दिवस खाल्ले. फिजिक्सची पुस्तकं लहरींसाठी बहुधा ई चा घात उणे आय-ओमेगा-टी घेतात, आपली इलेक्ट्रिकलची अधिक जे-ओमेगा-टी (आय आणि जे, दोन्ही उणे एकचं वर्गमूळच). त्यामुळे इंडक्टरचा इम्पिडन्स एकीकडे अधिक जे-ओमेगा-एल, तर दुसरीकडच्या हिशोबाने उणे आय-ओमेगा-एल. दोन्ही बरोबर, पण एका वहीत मिसळले की चिन्हाचा गोंधळ होतो. मी आता प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवते, इथे कोणती पद्धत आहे ते.

जुनी पुस्तकं घेणाऱ्यांनी एककंही बघावीत. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर पर्सेलच्या वीज-चुंबकत्वाच्या पुस्तकाची जुनी प्रत स्वस्तात मिळाली म्हणून लगेच उचलू नका. जुन्या आवृत्त्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) एककांमध्ये आहेत, कूलोमच्या नियमात एप्सिलॉन नॉट हा स्थिरांक दिसणारच नाही, आणि आपली सगळी गणितं एसआयमध्ये. 2013 ची तिसरी आवृत्ती एसआयमध्ये आहे, शिवाय तिच्यात काही गणितांची पूर्ण सोडवणूक शेवटी दिलीय. माझ्या हिशोबात तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे वसूल आहेत. फाइनमनची व्याख्यानं कॅल्टेकच्या साइटवर फुकट वाचता येतात. दुसऱ्या भागातलं एसी सर्किट्सचं प्रकरण अवश्य वाचा, मात्र स्वाध्याय नसल्यामुळे ते रविवारच्या दुपारचं वाचन, अभ्यास नव्हे.

वेळापत्रक म्हणाल तर ठाणे ते रबाळे प्रवास इतका छोटा की गाडीत वाचन होत नाही. नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभं असताना एकच गणित मनात घ्यायचं आणि उत्तराचा अंदाज बांधायचा. पूर्वी आपल्या लोकल 1500 व्होल्ट डीसीवर धावायच्या, आता 25,000 व्होल्ट एसीवर. तेवढ्याच पॉवरसाठी करंट साधारण सतराव्या हिश्श्यावर आला, म्हणजे त्याच रोधाच्या तारेतली हानी पावणेतीनशे पटीने कमी. असा अंदाज आधी बांधला की रात्री वहीत दशांश चिन्ह सरकलेलं लगेच दिसतं. रात्री फक्त सोडवायचं, नवीन थिअरी शनिवारी. मी आठवड्याला एक प्रकरण धरते, दोन कधीच धरत नाही.

त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते सांगते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे तक्रारीत लिहिलं आणि दोनदा आलेल्या सूचीच्या पानांचे फोटो जोडले. 'मुदत संपली' म्हणणाऱ्यांनी मग पूर्ण पैसे परत केले, पण दुसरी प्रत काही दिली नाही. तोवर कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या प्रतीवरून हरवलेल्या पानांची झेरॉक्स काढून काकांकडून बसवून घेतली होती. आधी उत्तरांविना सोडवलेली एसीची गणितं आता त्या पानांशी ताडून बघतेय. बहुतेक जुळली. तीन फेज अनबॅलन्स्डमधली काही अजून जुळत नाहीत, ती या शनिवारी पुन्हा काढणार आहे.